ऑपरेशननंतर मॉर्फिन घेतलं तर कॅन्सर परत येतो का?

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आईला, वय 61, स्तनाचा कर्करोग निघाला. काखेतल्या गाठींसह शस्त्रक्रिया ठरली आहे, आधी केमो नाही. एका नातेवाइकाने त्यांना लेख पाठवला: ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मॉर्फिन, फेंटॅनिल देतात, त्याने प्रतिकारशक्ती खाली जाते आणि कॅन्सर उलटतो. तेव्हापासून आई एकच धरून बसल्या आहेत, "मला ती अफूची सुई नको, मी सोसेन." ताई विचारतात, आम्ही हॉस्पिटलला तसं लिहून द्यावं का?

लिहून देऊ नका, ताई. मी भूलतज्ज्ञ आहे. कोकणातल्या पेशंटना भूल देणं आणि नंतर त्यांचं दुखणं सांभाळणं हेच माझं आयुष्यभराचं काम. आईंची भीती पोकळ नाही, तिच्या मागे खरं संशोधन आहे. पण त्या लेखात अर्धीच गोष्ट आली आहे आणि राहिलेला अर्धा भाग आईंच्या निर्णयाच्या बरोबर उलट दिशेला जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या रक्तात नैसर्गिक मारक पेशी असतात. गावाच्या वेशीवर राखणदार असतो तशा त्या अंगभर फिरत असतात आणि परकी किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिथल्या तिथे मारतात. गाठ काढताना कर्करोगाच्या काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. त्या कुठे जाऊन रुजू नयेत, यासाठी या मारक पेशींची गरज असते. मॉर्फिनने त्यांचं बळ कमी होतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे, प्राण्यांत दिसलं आहे, आणि निरोगी माणसांना शिरेतून मॉर्फिन दिलं तेव्हाही काही काळ दिसलं आहे. मॉर्फिन हे मेंदूमार्फत घडवतं, आणि काही अंशी थेट पेशींवरही काम करतं. लेखात एवढं लिहिलं असेल तर ते बरोबर आहे.

आता राहिलेला भाग. मारक पेशींना सगळ्यात मोठा दणका बसतो तो खुद्द शस्त्रक्रियेचा. कातडी कापली, ऊती दुखावल्या की शरीर संकटाच्या पवित्र्यात जातं. कॉर्टिसॉल वाढतं, ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन वाढतं, जखमेतून प्रोस्टाग्लँडिन सुटतात, आणि हे सगळेच मारक पेशींना दाबून टाकतात. मॉर्फिनचा एक थेंबही दिला नाही तरी ऑपरेशननंतरचे काही दिवस या पेशी मंदावलेल्याच असतात. आणि ही संकटाची घंटा जे सतत वाजवत ठेवतं, ते म्हणजे न आवरलेलं दुखणं. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाची नाडी, रक्तदाब, साखर सगळं चढलेलं असतं. ते हीच रसायनं चढवतात.

1993 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी उंदरांवर नेमका हाच प्रश्न तपासला. पोटाची शस्त्रक्रिया केली, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. शस्त्रक्रियेमुळे फुप्फुसात रुजणाऱ्या गाठी वाढल्या. पण ज्यांना वेदना कमी व्हावी म्हणून मॉर्फिन दिलं होतं, त्यांच्यात ही वाढ बरीच कमी होती. म्हणजे ज्याला दुखत नाही अशा प्राण्याला दिलेलं मॉर्फिन प्रतिकारशक्ती दाबतं, आणि ज्याला दुखतं आहे त्याला दिलेलं मॉर्फिन वेदनेचं नुकसान आवरून तिला हातभार लावतं. आई दुसऱ्या गटात बसणार आहेत. ज्या प्रयोगांवर त्या लेखाची भिस्त असते, त्यांतले बरेचसे पहिल्या गटातले.

उंदरांचं उंदरांपाशी ठेवू. माणसांत काय दिसलं?

2006 मध्ये डब्लिनहून एक अभ्यास आला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 129 बायकांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींना नेहमीची भूल आणि मॉर्फिन मिळालं होतं. काहींना भुलीसोबत पाठीच्या कण्याशेजारी नस बधिर करण्याचं इंजेक्शन मिळालं होतं, त्याला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात, त्यामुळे मॉर्फिन कमी लागलं. तीन वर्षांनी ब्लॉकवाल्या गटात 94 टक्के बायकांना रोग परत आलेला नव्हता, दुसऱ्या गटात 77 टक्के. एवढा फरक बघून जगभरचे भूलतज्ज्ञ हलले, मीही त्यात होतो. आज जे लेख फिरतात त्यांतल्या अनेकांचं मूळ इथेच आहे. पण जुन्या नोंदींत एक खोट असते. कोणाला ब्लॉक द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, चिठ्ठ्या टाकून नाही. दोन्ही गट मुळातच वेगळे असू शकतात.

म्हणून त्याच विचारांच्या लोकांनी पुढे मोठी चाचणी केली, अनेक देशांत, चिठ्ठ्या टाकून गट पाडून. 2019 मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 2108 बायका. एका गटाला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक आणि प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन वायूची भूल आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. रोग परत आला पहिल्या गटातल्या 1043 पैकी 102 जणींना आणि दुसऱ्या गटातल्या 1065 पैकी 111 जणींना. दोन्हीकडे 10 टक्के. आईंच्याच आजारावर, आईंच्याच प्रकारच्या ऑपरेशनवर, आईंच्याच शंकेवर एवढा थेट पुरावा आहे, हे भाग्यच समजा. वैद्यकशास्त्रात बहुतेक प्रश्नांना इतकं नेमकं उत्तर मिळत नाही. पुढे छातीच्या आणि पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांमध्ये एपिड्युरल (पाठीच्या कण्यात बारीक नळीतून बधिर करणारं औषध) देऊन मॉर्फिन वाचवल्याने आयुष्य वाढतं का, हेही चिठ्ठ्या टाकून तपासलं गेलं. तिथेही फरक निघाला नाही.

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाने 2021 मध्ये ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या (ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत अशा) स्तनकर्करोगाच्या नोंदी पाहिल्या, तर ऑपरेशनच्या वेळी ज्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधं जास्त मिळाली होती त्यांच्यात रोग परत येण्याचं प्रमाण उलट कमी दिसलं. हाही जुन्या नोंदींचाच अभ्यास, म्हणून मी त्यावर मॉर्फिन द्या असं सांगणार नाही. पण भीती घालणारा लेख पुढे पाठवणाऱ्याने हाही पाठवायला हवा होता.

या जातीच्या सगळ्या औषधांचा मारक पेशींवर सारखा परिणाम होत नाही. ट्रॅमाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिन त्यांना मॉर्फिन, फेंटॅनिलइतकं दाबत नाहीत, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण तेवढ्याने रोग परत येणं टळतं, असं कुठल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे 'आम्हाला अमुकच द्या' असा हट्ट धरू नका. जे औषध तिथल्या सिस्टरना रोज द्यायची सवय आहे, ते जास्त सुरक्षित असतं.

एक गोष्ट मात्र सर्जनना आवर्जून विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या 11 केंद्रांत 1600 बायकांवर चाचणी झाली, 2023 मध्ये ती प्रसिद्ध झाली. गाठ काढण्याच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी लिग्नोकेन टोचायचं. दातवाले दात काढताना टोचतात तेच स्वस्त औषध. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बायका लिग्नोकेनच्या गटात 86.6 टक्के, दुसऱ्या गटात 82.6 टक्के. जिवंत असलेल्या 90.1 टक्के आणि 86.4 टक्के. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं म्हणून काहींनी शंका घेतल्या, आणि आणखी चाचण्या हव्यात हे मलाही मान्य आहे. पण आधी केमो न घेता थेट ऑपरेशन होणाऱ्या बायकांसाठीच ही चाचणी होती, म्हणजे आईंसारख्यांसाठी. खर्च नगण्य, धोका फार थोडा. "ते टाटाचं लिग्नोकेन आईला देता येईल का?" एवढंच विचारा. सर्जनना कळेल. आपल्याच मातीत झालेल्या या कामाबद्दल तो लेख पाठवणाऱ्यांना काहीच माहीत नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दुखण्याचं नियोजन कसं असावं, ते. मॉर्फिन हवं की नको, असा हा प्रश्नच नाही. चांगल्या ठिकाणी तीन-चार गोष्टी एकत्र वापरतात आणि मॉर्फिन राखीव ठेवतात. ऑपरेशनच्या वेळी छातीच्या नसांचा ब्लॉक द्यावा. पॅराव्हर्टिब्रल, पेक्स किंवा इरेक्टर स्पायनी, त्या भूलतज्ज्ञाचा हात ज्यावर बसला असेल तो. सोनोग्राफीचं मशीन आता जिल्ह्याच्या ठिकाणीही ऑपरेशन थिएटरात असतं, त्यामुळे हे मुंबईलाच होतं असं नाही. ब्लॉकने पहिले बरेच तास छाती आणि काख बधिर राहते. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखो न दुखो. सर्जनना रक्तस्रावाची काळजी नसेल आणि किडनी ठीक असेल, तर डायक्लोफिनॅक किंवा किटोरोलॅकसारखं सूज उतरवणारं औषध. एवढं करूनही दुखलं तर मॉर्फिन, थोडं थोडं, शिरेतून, परिणाम बघत. काखेसह स्तनाच्या ऑपरेशनमध्ये चांगला ब्लॉक असेल तर ते अगदी थोडं लागतं, कित्येकींना लागतच नाही. म्हणजे आई ज्या औषधाविरुद्ध ठाम उभ्या आहेत, ते त्यांच्या वाट्याला आलंच तर दिवस-दोन दिवस, काही मिलिग्रॅम येणार. मॉर्फिनचा अंमल शिरेतून दिल्यावर चार-पाच तासांत ओसरतो.

ब्लॉक मागताना "कॅन्सर परत येऊ नये म्हणून" असं म्हणू नका, त्याचं उत्तर वर आलं. ब्लॉक हवा तो उलट्या कमी व्हाव्यात, पहिली रात्र झोप लागावी आणि दुसऱ्या दिवशी हात वर करता यावा म्हणून. ही कारणं पुरेशी आहेत.

मला खरी काळजी आईंच्या दुसऱ्या वाक्याची आहे, "मी सोसेन." आपल्या कोकणातल्या बायका सोसण्यात तरबेज. चिखलात कमरेत वाकून दिवसभर भातलावणी करणारी बाई ऑपरेशननंतर डॉक्टर आले की पदर सावरून "बरा आसा" म्हणते. राउंड पुढे जातो आणि फाइलवर 'वेदना नाहीत' असं लिहिलं जातं. म्हणून मी दुखतंय का असं विचारत नाही. मोठा श्वास घ्या म्हणतो. खोकून दाखवा म्हणतो. ऑपरेशनच्या बाजूचा हात डोक्यावरच्या केसांपर्यंत न्या म्हणतो. श्वास अर्ध्यावर अडला, खोकताना हात छातीवर गेला, कोपर अंगाला चिकटून राहिलं, तर तोंडाने काहीही सांगितलं तरी दुखणं आवरलेलं नाही. तुम्ही आईंपाशी असाल तेव्हा असंच बघा आणि सिस्टरना सांगा. तुमच्या बोलण्याला तिथे वजन असतं, संकोच करू नका.

सोसल्याने काय होतं तेही आईंना सांगा. श्वास उथळ राहतो, कफ साचतो, ताप येतो. हात हलत नाही, मग खांदा धरतो, आणि धरलेला खांदा सुटायला महिने लागतात. विहिरीवरून कळशी काढणं, दोरीवर लुगडं वाळत घालणं, सगळं अडतं. रेडिएशन लागलं तर हात डोक्यावर ठेवून स्थिर झोपावं लागतं, खांदा धरलेला असेल तर तेही पुढे ढकललं जातं. शिवाय पहिल्या दिवसांत ज्यांना तीव्र दुखतं, त्यांच्या छातीत, काखेत महिनोन्‌महिने टिकणारं चरचरणं, जळजळणं मागे राहण्याची शक्यता जास्त असते. असलं दुखणं मुळातच कमी नाही. त्याच 2019 च्या चाचणीत सहा महिन्यांनीही दोन्ही गटांतल्या 52 टक्के बायकांना जखमेच्या जागी दुखत होतं.

मॉर्फिनचे खरे त्रास वेगळेच आहेत, आणि ते झाकायचं कारण नाही. मळमळ, उलटी, खाज, लघवी अडणं, बद्धकोष्ठ. जास्त झालं तर गुंगी येऊन श्वास मंदावतो, म्हणून देताना माणूस पाशी हवा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा क्लिप हवा. उतारा म्हणून नॅलोक्सोन असतं, ते लगेच काम करतं. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिनचा अंश अंगात साठतो, तिथे फेंटॅनिल बरं. जी बाई खूप घोरते आणि झोपेत जिचा श्वास थांबतो, तिला कमी मात्रा. नाकाला किंवा अंगाला खाज सुटली की ॲलर्जी झाली असं घरचे समजतात, बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. चार दिवसांत व्यसनही लागत नाही.

प्रतिकारशक्तीची काळजी असेल तर ती जिथे उपयोगी पडेल तिथे करा. हिमोग्लोबिन आजच बघा. कमी असेल तर लोह आत्ताच सुरू होऊ दे, गरज पडली तर शिरेतून, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त चढवायची वेळ टळेल. दुसऱ्याचं रक्त चढवल्यानेही प्रतिकारशक्ती काही काळ दबते. साखर असेल तर ती ताब्यात आणा. मशेरी लावत असतील तर आजपासून बंद. आई "फक्त सकाळी दातांना" म्हणतील, पण तोही तंबाखूच, निकोटिनने जखमेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडतात. थिएटरमध्ये अंग गार पडू न देणं हे आमचं काम. 1996 मध्ये आतड्याच्या ऑपरेशनांवर झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत अंग गरम ठेवलेल्यांपैकी 6 टक्के पेशंटच्या जखमा पिकल्या, थंड पडू दिलेल्यांपैकी 19 टक्के. तरी आईंना म्हणावं, थंडी वाजली तर गप्प राहू नका, पांघरूण मागा. खाण्यात अंडी, मासे, डाळ, कुळथाची पिठी चालू राहू दे. 'कापलंय, मासे नकोत' असं शेजारीण सांगेल. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर ते पथ्य पाळू नका, जखम प्रथिनांनीच भरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढचे उपचार वेळेवर. ऑपरेशननंतर केमो लागणार असेल आणि ती 90 दिवसांपलीकडे गेली, तर आयुष्यावर परिणाम होतो हे कॅलिफोर्नियाच्या मोठ्या नोंदींत दिसलं आहे, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात तर जास्तच. आपल्याकडे माणूस घरी परतला की "गणपती झाले की जाऊ", मग "भात कापून होऊ दे", मग शिमगा. गाडीचं रिझर्व्हेशन मिळत नाही हेही खरंच. दुखणं आवरलेलं असेल तर बाई लवकर उठते, जेवते, ताकद धरते आणि केमोला वेळेत उभी राहते. मॉर्फिनच्या दोन दिवसांपेक्षा या दोन-तीन महिन्यांनी आईंच्या आयुष्यात जास्त फरक पडेल. बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट कधी मिळेल ती तारीख डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या, आणि परतीच्या खेपेचं तिकीट तेव्हाच काढा.

घरी गेल्यावर बहुतेक बायकांना पॅरासिटामॉल आणि काही दिवस सूज उतरवणारी गोळी पुरते. कधी ट्रॅमाडॉलच्या थोड्या गोळ्या देतात. फिट येणाऱ्यांनी किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच सुरू करा. नुसत्या इसबगोलने भागत नाही, आतड्याला चालना देणारं बिसाकोडिलसारखं लागतं. गावातल्या दवाखान्यात रोज एक डायक्लोफिनॅकची सुई घेत बसू नका, विशेषतः ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर. मॉर्फिनची गोळी राजापूर-लांजातल्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने ती जखडलेली होती, 2014 च्या दुरुस्तीने बंधनं सैल झाली, तरी ती मुख्यतः मान्यता मिळालेल्या संस्थांतून मिळते. आईंना घरी तिची गरज पडण्याची शक्यता फार कमी. दुखणं दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत असेल, जखम लाल, गरम झाली असेल, तर गोळी वाढवू नका, सर्जनना फोन करा.

पुढारलेल्या कर्करोगात महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणारे पेशंट हा वेगळा विषय आहे. दीर्घकाळ ही औषधं घेणाऱ्यांत न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग जास्त दिसतो, त्यामुळे तिथे लसीचा विचार करतात. औषध मात्र तिथेही काढून घेत नाहीत. ती चिंता दोन दिवसांच्या मॉर्फिनला लावू नका.

भूलतपासणीच्या दिवशी आईंना सोबत बसवून हे सगळं त्यांच्यासमोरच विचारा. त्यांनी भूलतज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं तर जास्त पटेल. ब्लॉक देणार का, पहिल्या रात्री दुखलं तर कोणाला सांगायचं, मॉर्फिन दिलं तर कोण लक्ष ठेवणार, एवढे तीन प्रश्न पुरेत. आणि न विचारताही तीन गोष्टी त्यांना सांगा: क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, आई रात्री मोठ्याने घोरतात का, आणि झोपेची किंवा मनाची कुठली गोळी रोज घेतात का. मात्रा त्यावरून ठरते.